कोठीत खोटं बोलायचं नाही

मे महिना लागला की आमच्या घरात एकच वाक्य सकाळपासून फिरायला लागतं. "आजी, आता काय करू?" नातू विचारतो, नात विचारते, समोरच्या फ्लॅटमधली दोन पोरंही विचारतात, कारण त्यांचे आईवडील कामावर गेले की तीही माझ्याच अंगावर असतात. माझं हे बिनपगारी पाळणाघर नांदेडच्या ऐन उन्हाळ्यात, पडदे ओढून, कूलरच्या घरघरीत चालतं. पत्ते झाले, सापशिडी झाली, मोबाईल काढून घेतल्यावरचं रुसणंही झालं, तरी घड्याळात जेमतेम अकरा वाजलेले असतात. आमच्या लहानपणी कुणी कंटाळत नव्हतं असं माझ्या वयाची माणसं छातीठोकपणे सांगतात, ते धादांत खोटं आहे. आम्हीही कंटाळायचो, आणि आमच्या कंटाळ्याचं काय करायचं हा प्रश्न तेव्हाच्या मोठ्या माणसांनाही पडायचाच.

परवा नातवानं बैठकीच्या दारात खुर्ची आडवी टाकली. डोक्याला टॉवेल गुंडाळला, हातात माझी काठी घेतली आणि धाकट्या पोरांना एकेक करून अडवायला लागला. "नाव काय? कुठून आलीस? तुझे बाबा कुठे आहेत?" मी पन्ह्याचे पेले घेऊन स्वयंपाकघरातून येत होते. तिथेच थांबले. सुनेला वाटलं मला चक्कर आली. तिनं ताट हातातून घेतलं, मला बसवलं, पंखा मोठा केला. चक्कर वगैरे काही नव्हतं, पण खरं कारण सांगण्यापेक्षा चक्कर बरी, म्हणून मी पाणी प्यायले.

मी नऊ वर्षांची होते तो निजामाच्या राज्यातला शेवटचा उन्हाळा. शेवटचा हे आज म्हणायचं. तेव्हा ते राज्य संपेल असं वाटण्यासारखं गावात काहीच दिसत नव्हतं. उलट रस्त्यावरून खाकी कपड्यातली, भाले घेतलेली माणसं घोषणा देत जायची आणि गाडीपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत दारं पटापट बंद व्हायची. शाळेला सुट्टी लागली होती, पण ती नेहमीच्या सुट्टीसारखी नव्हती. नदीवर जायचं नाही, गोदावरीच्या वाळूत टरबुजांचे वेल लावलेले असतात तिकडे फिरकायचं नाही, देवळाच्या ओट्यावर बसायचं नाही. घर आणि घराची गच्ची एवढंच जग. आणि त्या जगात आम्ही तीन भावंडं. मी कुमुद, माझ्यापाठचा वसंता, आणि चार वर्षांची सुमी.

नाना, म्हणजे आमचे वडील, वकील होते. होळीच्या आसपास ते एके दिवशी कोर्टात जातो म्हणून बाहेर पडले आणि पैनगंगा ओलांडून उमरखेडला गेले. नदीपलीकडे निजामाचं राज्य नव्हतं. तिथे आपल्या लोकांची छावणी होती आणि नाना त्या छावणीत काम करत होते. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि बाहेर कुणालाही कळता कामा नये होतं. कळलं असतं तर आमच्या घराला कुलूप लागलं असतं, आईला चौकीवर बसवलं असतं, आणि नाना ज्या वाटेनं अधूनमधून निरोप पाठवायचे ती वाट बंद झाली असती. मोठ्यांच्या पोटात अशी गोष्ट राहते. पण पोरांच्या पोटात ती राहायची कशी? आईला त्या काळजीनं झोप नव्हती. नानांच्या जिवाची दोरी सुमीच्या जिभेला बांधलेली आहे, असं ती एकदा भिंतीकडे बघत म्हणाली होती. मला ते तेव्हा पूर्ण कळलं नाही, पण मी सुमीच्या तोंडाकडे बघितलं होतं. ती कैरी खात होती.

आणि मग अनसामाय आली. अनसामाय दर उन्हाळ्यात यायची. देगलूरच्या बाजूला आमचा जमिनीचा एक तुकडा होता, तो तिचा नवरा कसायचा. शेतात काम नसलं की ती आमच्याकडे येऊन राहायची, आई वाळवणात गुंतली की आम्हाला सांभाळायची आणि मृगाच्या आत पेरणीला गावी परत जायची. उंच, काळी, कपाळावर आणि हनुवटीवर गोंदलेली. बोलणं ठसठशीत, मधेच तेलुगू शब्द. सुमीला ती बंगारू म्हणायची. बंगारू म्हणजे सोनं, असं तिनंच आम्हाला सांगितलं होतं. वसंतानं विचारलं होतं, मग मी कोण? तर म्हणाली, "तू पितळ. पण घासलं की चमकतंय."

तिच्याकडे खेळांना तोटा नव्हता. आंब्याची कोय दगडावर घासून पिपाणी करायची. चिंचोके फोडून एका बाजूला पांढरे, एका बाजूला काळे, आणि जमिनीवर कोळशानं पट आखायचा. फुटक्या बांगड्यांच्या काचा दिव्याच्या ज्योतीवर धरून वाकवायच्या आणि एकीत एक अडकवून साखळी करायची. ती साखळी दाराला टांगली की उन्हात लाल-हिरवे ठिपके भिंतीवर पडायचे. आमच्या बोटांना चटके बसायचे ते वेगळंच. गच्चीवर कुरडया वाळत असल्या की आम्हाला कावळे हाकलायला बसवायची, आणि ती कामगिरी एखाद्या किल्ल्याची राखण असल्यासारखी सोपवायची. आई खाली गव्हाचा चीक शिजवायची. त्याचा आंबूस, हिंगाचा वास जिन्यानं वर यायचा आणि आम्ही वाट्या घेऊन खाली धावायचो. गरम चीक, त्यावर कच्चं तेल. आजही मी कुणाच्या घरी चीक शिजताना थांबत नाही. काहीतरी कारण सांगून निघते.

त्या वर्षी ती आल्यावर आईनं तिला आत नेऊन सगळं सांगितलं असणार. कारण दुसऱ्याच दिवशी तिनं नवा खेळ काढला. नानांचा जुना पंचा डोक्याला गुंडाळला, हातात लाटणं घेतलं, उलट्या टोपलीवर बसली आणि माजघराच्या दारात पाय आडवा टाकला.

"ए! रुको!" ती ओरडली. "नाम क्या? किधर जा रै? बाप किधर है?"

तिचं ते उर्दू ऐकून आम्ही हसून लोळलो. तिनं लाटणं आपटलं. "हसायचं न्हाई. ह्यो नाका हाय. मी जमादार. तुमी वाटसरू. मी इचारीन तुमचा बाप कुठं हाय. तुमी म्हणायचं, माहूरला. देवीला गेले. बास. दुसरं कोण बी काय बी बोललं की बाद."

माहूरच का, हे मला पुढे कळलं. नांदेडहून हदगावच्या वाटेनंच माहूरला जाता येतं आणि त्याच वाटेनं उमरखेडलाही. नाना त्या दिशेला जाताना कुणी पाहिले असतील तरी उत्तर जुळलं असतं. शिवाय रेणुकेला नवस फेडायला माणूस महिना-दोन महिने राहतो, हेही कुणाला खोटं वाटलं नसतं. अनसामायला अक्षरओळख नव्हती, पण उत्तर पक्कं बसवायचं म्हणजे काय हे तिला बरोबर ठाऊक होतं.

ती आम्हाला तऱ्हेतऱ्हेनं विचारायची. कधी दरडावून. कधी आम्ही चिंचोके मोजण्यात दंग असताना सहज. कधी अंघोळ घालताना, डोळ्यांत साबण गेलेला असताना. कधी अगदी मऊ आवाजात, केसांवरून हात फिरवत, "नानाची लई याद येती ना रे बाळा? कुठं गेले रे?" वसंता त्या मऊ आवाजाला हमखास फसायचा. त्याच्या तोंडून "उम" एवढं बाहेर पडलं की ती लाटण्यानं त्याच्या डोक्यावर हळूच ठोकायची. "गुरकावून इचारणाऱ्याला भ्याचं न्हाई," ती म्हणायची. "गोडीनं इचारतो त्याला भ्याचं."

जो चुकायचा नाही त्याला गुळाचा खडा. आणि त्याचाही नियम होता. जिंकणाऱ्यानं तो खडा लपवायचा नाही, दुसऱ्याला द्यायचा नाही, उद्यासाठी ठेवायचा नाही. सगळ्यांच्या देखत तिथल्या तिथे पुरता खायचा. हरलेल्यांनी बघायचं.

अजून एक नियम होता. घराच्या मागच्या अंगाला कोठीची खोली होती. जोंधळ्याची पोती, तुरीची कणगी, कोपऱ्यात फडक्यात बांधलेली गुळाची ढेप. खिडकी नव्हती. दार लावलं की पोत्यांचा आणि गुळाचा गार वास यायचा. तिथे, दार लावून, नानांबद्दल खरं बोलायचं. खरं बोलायला एक जागा पाहिजे, नाहीतर पोरं फुटतात, हे तिला कुणी शिकवलं कोण जाणे. तिनं आम्हाला कारण वेगळं सांगितलं होतं. "कोठीत खोटं बोलायचं न्हाई. तिथं धान्य असतंय. धान्यासमोर खोटं बोललं तर ते पुरत न्हाई." ती शेतकऱ्याच्या घरातली. धान्यावर हात ठेवून ती जे बोलायची ते मला देवासमोर बोलल्यासारखं वाटायचं.

म्हणून दिवसातून एकदा आम्ही तिघं तिच्यामागे कोठीत जायचो. ती दार लावायची. वसंता विचारायचा, "नाना कुठं आहेत?" आणि ती सांगायची, "नदीच्या पल्याड. उमरखेडला. खुशाल हायेत." मी विचारायची, "कधी येणार?" ती म्हणायची, "ठावं न्हाई बाळा. पर येतील." तिला ठाऊक नसायचं ते ती ठाऊक नाही म्हणून सांगायची, आणि त्यामुळेच बाकीच्यावर विश्वास बसायचा. सुमी पोत्यावर बसून पाय हलवत सगळं ऐकायची.

सुमी हीच पंचाईत होती. तिला खेळ कळायचा, पण कोठी कुठे संपते आणि माजघर कुठे सुरू होतं ते कळायचं नाही. तिला विचारलं की ती प्रामाणिकपणे म्हणायची, "नाना नदीच्या पल्याड," आणि बोटानं दिशाही दाखवायची. रोज बाद. रोज रडणं. वसंता तिच्यासमोर मुद्दाम मिटक्या मारत गूळ खायचा. आई मधूनमधून येऊन दारात उभी राहायची आणि सुमीचं उत्तर ऐकून पांढरी पडायची. "हिला गावी घेऊन जा अनसे," ती एकदा म्हणाली. "ही सगळ्यांना घेऊन बुडणार." अनसामायनं मान हलवली. "बुडत न्हाई. लहान हाय. शिकंल." आणि पुन्हा पंचा गुंडाळून टोपलीवर बसली.

मुलांना गुंतवून ठेवणं म्हणजे काय, याबद्दल आजकाल बरंच छापून येतं. त्यांच्या कल्पनाशक्तीला वाव द्या, त्यांना मोकळं सोडा. मी ते चष्मा लावून वाचते. मला आठवते ती टोपलीवर बसलेली बाई, जी आम्हाला हसवत होती आणि हसवता हसवता आमच्या तोंडाला कुलूप घालत होती. तिच्या कपाळावर घाम असायचा. तो उन्हाचाच आहे असं आम्हाला वाटायचं.

खरा जमादार आला तो भर दुपारी. गच्चीवर कुरडया होत्या, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दोन शिपाई बाहेर उभे राहिले आणि तो ओट्यावर बसला. तोंडओळखीचा माणूस, पूर्वी कधीतरी कसला तरी कागद करून घ्यायला नानांकडे आला होता. आई दाराआड उभी. अनसामायनं त्याला पाणी दिलं. तो ते सावकाश प्यायला आणि मग त्यानं मला जवळ बोलावलं.

"वकीलसाब किधर हैं, बेटी?"

"माहूरला. देवीला गेले."

वसंताला विचारलं. वसंताही म्हणाला, माहूरला. त्याचा आवाज चिरकला, पण म्हणाला. मग जमादारानं सुमीला उचललं आणि मांडीवर घेतलं. तिच्या केसांवरून हात फिरवला. अगदी मऊ आवाजात विचारलं, "गुडिया, अब्बा किधर गए?"

दाराआड आईच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. सुमीनं त्याच्या पागोट्याकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या छडीकडे पाहिलं, आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "माहूरला. देवीला गेले."

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिचं उत्तर बरोबर आलं होतं. बोट वर केलं नाही, दिशा दाखवली नाही. मी श्वास सोडला. आणि तेवढ्यात ती त्याच्या मांडीवरूनच वळली, तोंडभर हसली आणि म्हणाली, "अनसामाय, मी जिंकले! आता गूळ दे!"

जमादार लगेच रागावला नाही. तो हळूहळू हसायला लागला. "क्या जीती, गुडिया?" त्यानं विचारलं. "कौनसा खेल है, हमें बी बताओ."

अनसामाय पुढे झाली. "काय न्हाई सायब. लेकरू देवीचं नाव न चुकता घेतलं की मी गूळ देते. सवय लागावी म्हून."

"अच्छा," तो म्हणाला. त्यानं सुमीला खाली ठेवलं, कपडे झटकले आणि उठला. "बच्चों से बहोत खेलती तू. चल चौकी पे, जरा हमारे से बी खेल."

ती पदर खोचून, चपला न घालता त्यांच्यामागे निघाली. जाताना तिनं वळून गच्चीकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "कुमे, कुरडया उलथव. करपतील."

ती नव्हती त्या दिवसांत घरात खेळ नव्हता. आईनं सुमीला एकदा फाडकन मारलं. का मारलं ते सुमीला कळलं नाही, कारण ती तर जिंकली होती. शेजारच्या खाला, नदीकडच्या घरात एकट्या राहणाऱ्या मुसलमान बाई, सकाळ-संध्याकाळ चौकीकडे फेऱ्या मारत होत्या. त्यांचा एक भाचा तिथे शिपाई होता. त्यांनी काय केलं, कुणाच्या पाया पडल्या, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पण दोन-तीन दिवसांनी अनसामायला त्याच घेऊन आल्या. अनसामायचा हात त्यांच्या खांद्यावर होता आणि ती टाचांवर चालत होती. तळपाय टेकत नव्हते. खालांनी हळद आणि तेल कालवलं आणि आईनं ते लावलं. दोघींपैकी कुणीही वर पाहत नव्हतं.

अनसामायनं नानांचं नाव काढलं नव्हतं. तेवढंच ती आईला म्हणाली. "माहूर म्हनलं. दुसरं काय बी न्हाई म्हनलं."

मग तिनं सुमीला हाक मारली. सुमी आईच्या माराला भिऊन पोत्यामागे जाऊन बसली होती. अनसामायनं मला कोठीतून गुळाचा खडा आणायला लावला, मोठा, आणि तो सुमीच्या हातावर ठेवला.

"कशाला आता, अनसे?" आई म्हणाली. तिचा आवाज कडू होता.

"जिंकली ना ती," अनसामाय म्हणाली. "खेळ म्हंजे खेळ हाय बाई. कबूल केलंय ते द्याया लागतंय. आन् लेकराला मारू नका. मी शिकीवलं, ती लई चांगलं शिकली."

सुमीनं आमच्या सगळ्यांच्या देखत तो गूळ पुरता खाल्ला. मला तिचा राग आला होता. पण अनसामाय तिच्याकडे ज्या नजरेनं बघत होती, ते पाहिल्यावर रागावणं जमलं नाही.

सुमी आता लातूरला असते. मास्तरीण म्हणून निवृत्त झाली. दर मे महिन्यात आमचं फोनवर बोलणं होतं, उन्हाबद्दल, गुडघ्यांबद्दल, आंब्यांच्या भावाबद्दल. तिला त्या उन्हाळ्यातलं जवळजवळ काहीच आठवत नाही. जमादार आठवत नाही, चौकी आठवत नाही. "अनसामाय गूळ द्यायची ग," ती म्हणते. "किती मजा असायची त्या सुट्टीत!" मी हो म्हणते. तिला कधी काही सांगितलं नाही. तिच्या वाट्याला एक चांगला उन्हाळा आलाय, तो मी कशाला काढून घेऊ? पण फोन ठेवल्यावर मला एकटं वाटतं. ज्या घरात आपण वाढलो तिथलं दुसरं माणूस जिवंत असून आपण एकटेच आठवत बसायचं, हे बरं नाही वाटत.

पुढचं तिला तर मुळीच आठवणार नाही.

अनसामायचे पाय अजून सुजलेले होते. ती बसूनच कामं करायची. एका सकाळी हदगावकडचा टरबूजवाला मागच्या दाराशी आला. गाढवावर पोती, पोत्यांत टरबुजं. असे निरोप घेऊन येणारे लोक मागच्या दारानंच यायचे, म्हणून आम्ही टरबुजांपेक्षा त्याच्या तोंडाकडे बघत होतो. तो अनसामायशी हळू आवाजात काहीतरी बोलला. आमच्याकडे त्यानं पाहिलं नाही. पैसे न घेताच एक टरबूज उंबऱ्यावर ठेवून तो गेला.

अनसामाय भिंतीला धरून उठली आणि स्वयंपाकघरात गेली. आई चीक शिजवत होती. दार आतून लागलं. आम्ही बाहेर वाट्या घेऊन उभे. आतून रडण्याचा आवाज आला नाही, बोलण्याचाही नाही. थोड्या वेळानं वास यायला लागला. चीक बुडाला लागला होता. आमच्या आईचा चीक कधी लागत नसे. तिच्या हाताची गल्लीत ख्याती होती.

दार उघडलं तेव्हा आई कोरड्या डोळ्यांनी बाहेर आली. हातात सोऱ्या होता. तो करपलेला चीक तिनं भरला आणि गच्चीवर जाऊन, उन्हात बसून, कुरडया घातल्या. रोजच्यासारख्याच. शेजारच्या गच्चीवरच्या बायकांना दिसाव्यात अशा. त्या दिवशीच्या कुरडयांना तळल्यावर करपट वास येत राहिला. पावसाळाभर त्या कुणी खाल्ल्या नाहीत आणि कुणी टाकल्याही नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईच्या खोलीत गेले तर ती आरशासमोर बसली होती. हात मांडीवर. समोर मेणाची डबी, कुंकवाचा करंडा, दोन्ही उघडे. ती हात उचलत नव्हती. अनसामाय सरपटत तिच्यापुढे आली, तिच्या हनुवटीला धरून तोंड वर केलं आणि तिच्या कपाळाला मेण लावलं. मग बोटानं कुंकू टेकवलं. गोल, नीट, नेहमीएवढं. आईनं डोळे मिटले होते. अनसामायचे उघडे होते. मी दारातूनच परत फिरले.

नाना छावणीत मुदतीच्या तापानं गेले होते. हे आम्हा मुलांना सांगितलं ते भादव्यात, निजामाचं राज्य गेल्यावर. त्याआधी सांगता येत नव्हतं. आई कपाळ पुसून बाहेर आली असती तर पहिला प्रश्न आला असता, वकील गेले कुठे? माहूरला गेलेला माणूस उमरखेडला कसा मेला? म्हणून आईनं ते सगळे दिवस कुंकू लावलं, हळदीकुंकवाला गेली, वटपौर्णिमेला सूतही गुंडाळलं. गावात गुलाल उधळला गेला, लोक रस्त्यावर नाचले, एकमेकांना मिठ्या मारल्या. आणि त्या दिवशी, सगळे बाहेर असताना, आईनं कपाळ पुसलं. बांगड्या न्हाणीत फोडल्या. हिरव्या काचा दगडावर पडून राहिल्या. एरवी आम्ही साखळीसाठी एकेका काचेवरून भांडायचो. त्या काचांना आमच्यापैकी कुणी हात लावला नाही.

पण मला भादव्यापर्यंत थांबावं लागलं नाही. मला ते त्या कुंकवाच्या दिवशीच कळलं.

दुपारी आम्ही कोठीत गेलो. आम्हीच हट्ट धरला होता, कारण निरोप्या येऊन गेला होता आणि अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. अनसामाय टाळत होती. पाय दुखतात म्हणाली, जोंधळे पाखडायचेत म्हणाली. मग सूप घेऊन कोठीतच बसली. वसंतानं दार लावलं, कडी घातली. फटीतून उन्हाची एक रेघ आत येत होती आणि तिच्यात कोंडा उडत होता. सुमी तिच्या पोत्यावर चढली.

"अनसामाय," मी विचारलं, "नाना कुठं आहेत?"

सूप थांबलं. तिनं जोंधळ्यांत हात घातला आणि मूठभर जोंधळे धरून ठेवले. तिच्या भोवती पोती होती, मागे कणगी होती. दार लावलेलं होतं. मी तिच्या तोंडाकडे बघत होते आणि ती माझ्याकडे बघत नव्हती.

"माहूरला," ती म्हणाली. "देवीला गेले."

वसंतानं माझ्याकडे पाहिलं. तो काहीतरी बोलणार होता, ही कोठी आहे असं म्हणणार होता, मी त्याचा हात धरला. मला रडू आलं नाही. मला फक्त एवढं वाटलं की आता ही बाई उठून बाहेर गेली तर बरं होईल, म्हणजे तिला अजून काही बोलावं लागणार नाही.

पण सुमीनं टाळ्या वाजवल्या. पोत्यावरून उडी मारून ती कोपऱ्यात गेली, गुळाच्या ढेपेचं फडकं सोडलं आणि दोन्ही हातांनी जोर लावून एक खडा काढला. तिच्या मुठीत मावत नव्हता एवढा. तो घेऊन ती अनसामायसमोर उभी राहिली.

"बरोबर!" ती म्हणाली. "अनसामाय जिंकली. घे. सगळा खायचा."

अनसामायनं मुठीतले जोंधळे सुपात सोडले. हात पदराला पुसला. सुमीच्या हातातून तो खडा घेतला आणि आमच्या तिघांच्या देखत, एकेक तुकडा चावत, पुरता खाल्ला.